मागच्या आसाचं गुणोत्तर: वाढवलं की कमी केलं?

सदाशिवकर
बर्मिंगहॅमला राहणाऱ्या माझ्या मेव्हण्याने त्याच्या जुन्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीतलं मूळचं १७९८ सीसीचं इंजिन काढून रोव्हरचं साडेतीन लिटरचं, आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन बसवलं. ती हकिगत एका दिवाळी अंकासाठी मी मराठीत आणतोय. मागच्या अ‍ॅक्सलपाशी अडलोय. तो लिहितो, की नव्या इंजिनाला 'हाय रेशो' हवा होता, म्हणून ३.९ काढून ३.०७ टाकला. (रेशो म्हणजे मागच्या चाकांच्या एका फेऱ्याला इंजिनाकडून येणारा शाफ्ट किती फेरे घेतो तो आकडा.) मी लिहिलं, 'मागच्या आसाचं गुणोत्तर वाढवलं.' काल हे नाना पेठेतल्या ओळखीच्या मिस्त्रींना वाचून दाखवलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "साहेब, तीन पॉइंट नऊचं तीन झालं. वाढलं कुठे?"
तेव्हा दोन शंका. अ‍ॅक्सलला 'आस' चालेल का? आणि वाढवलं लिहू की कमी केलं?

प्राजक्ता कर्वेनगर
'आस' का नाही चालणार? पृथ्वीचा आस कललेला असतो हे आपण सगळेच शाळेत शिकलो. 'गुणोत्तर'ही बरोबर आहे. कुणी 'प्रमाण' सुचवलं तर ऐकू नका. गणितात दोन गुणोत्तरं सारखी असली की प्रमाण होतं.

रविवार-बुधवार
मी पंधरा वर्षं जुन्या बाजारात गाड्यांचे पार्ट हुडकतोय. तिथे 'आस' हा शब्द एकदाही कानावर पडलेला नाही. हौसिंग (अ‍ॅक्सलचं कवच), डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच), क्राऊन-पिनियन (अ‍ॅक्सलवरचं मोठं दातेरी चाक आणि त्याला फिरवणारं शाफ्टच्या टोकाचं लहान चाक), एवढंच ऐकू येतं. आणि रेशोसुद्धा दशांशात फारसं कुणी बोलत नाही, दात्यांत बोलतात. एमजीबीच्या पिनियनला ११ दाते, क्राऊनला ४३. भागा, ३.९०९ येतात. कारखान्यातूनच व्ही-८ घेऊन आलेल्या एमजीबी जीटीला १४-४३, म्हणजे ३.०७. 'अकरा-त्रेचाळीसची जोडी काढून चौदा-त्रेचाळीसची बसवली' असं लिहा. वाढलं-घटलं हा प्रश्नच उरत नाही. जोडी हा शब्दही नेमका आहे, कारण ही दोन चाकं एकमेकांवर घासूनच तयार करतात. एक जुनं आणि एक नवं घातलं की आवाज आलाच.
मोजायचं असेल तर गाडी मागून जॅकवर घ्या, दोन्ही चाकं बरोबरीने एक फेरा फिरवा आणि शाफ्टवर खडूची खूण करून त्याचे फेरे मोजा. चार पुरे व्हायला थोडं कमी पडतं, ते ३.९.

नि. वा. (कोथरूड)
बाजारात बोलतात ते बाजारापुरतं ठीक. दिवाळी अंक घरातले सगळे वाचतात. 'पिनियन'ला लहान दंतचक्र आणि 'क्राऊन'ला मुकुटचक्र म्हटलं तर अर्थ लगेच उमजतो. महापौर, दिग्दर्शक हे शब्दही कुणीतरी पहिल्यांदा वापरलेच ना? आपणच कचरलो तर मराठीत यंत्राबद्दल कधी लिहिताच येणार नाही.

रविवार-बुधवार
काका, तुमच्या तळमळीबद्दल आदर आहे. पण मुकुटचक्र वाचून कुणी दुकानात गेला तर त्याला वस्तू मिळणार नाही. जो शब्द घेऊन वस्तू आणता येत नाही तो मला अपुरा वाटतो.

पायडल
कसब्यात आमचं सायकलचं दुकान होतं. तिथे गिऱ्हाइकं 'जड' आणि 'हलका' म्हणायची. मागच्या चाकावरचं अठरा दात्यांचं फ्रीव्हील काढून बाविसाचं घातलं की सायकल हलकी, चढाला बरी. दोन्ही शब्द अस्सल मराठी आणि पायाला कळणारे. ३.९ हलका, ३.०७ जड. मोठं इंजिन म्हणजे दणकट पाय, त्याला जड गिअर झेपतो.
घोळ कुठे होतो तेही सांगतो. सायकलीत आपण पुढचे दाते भागिले मागचे करतो, म्हणून आकडा वाढला की गिअर जड. मोटारीत भागाकार उलटा, क्राऊन भागिले पिनियन. तिथे आकडा वाढला की हलका. इंग्रजीतला 'हाय' आकड्याचा नाहीच, इंजिनाच्या एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते त्याचा आहे.

खंबाटकी
हे पटलं, पण 'गाडी जड चालते' म्हटलं की मी आधी ब्रेक चिकटलाय का बघतो. वाचकही तेच समजेल. मी फेऱ्यांत सांगेन. ताशी १००ला टॉप गिअरमध्ये आधी इंजिन मिनिटाला सुमारे ३४५० फेरे घ्यायचं, आता २७००. मूळ इंजिनाला ही जोडी घातली असती तर घाटात दम तुटला असता.

नि. वा. (कोथरूड)
'आस' बाजारात नाही म्हणून परका ठरत नाही. कुक्षीची कूस झाली तसा अक्षाचा आस. पक्षाचा पाख झाला तसा त्याच अक्षाचा आख. माझे आजोबा बैलगाडीचा आखच म्हणायचे. आख, आरे, तुंबा, धाव ही चाकाची भाषा आपल्याकडे तयार होती, मोटार आली आणि आपण ती टाकून दिली. मला याचं खरंच वाईट वाटतं.

प्राजक्ता कर्वेनगर
मग हिंदीसारखं 'धुरा' का नको?

वर्धेकर
नको! आमच्याकडे धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. माझ्या काकांचं आणि शेजाऱ्याचं धुऱ्यावरून अकरा वर्षं बोलणं बंद होतं. 'मागचा धुरा बदलला' असं छापलंत तर आमच्या घरी लोक तलाठ्याचीच आठवण काढतील.

नि. वा. (कोथरूड)
पण 'राज्याची धुरा' आपण म्हणतोच. ती धुरा जुवाची. हा बांधाचा धुरा त्यातूनच आला का?

सदाशिवकर
मंडळी, मजकूर उद्या द्यायचाय. दात्यांचं आणि फेऱ्यांचं वाक्य घेतलं. 'आस' अजून तसाच ठेवलाय, मिस्त्री मात्र हौसिंगवर ठाम आहेत. मथळ्यात काय लिहू?

वर्धेकर
नि. वा. काका, ते माहीत नाही. पण आमच्याकडे धुऱ्यावरच्या झाडांना धुऱ्याची झाडं म्हणतात, आणि ती कुणाची हे कधीच ठरत नाही. तुमच्याकडे बांधावरच्या झाडाला काही वेगळा शब्द आहे का?