मदत हवी आहे: बाबांनी सिगारेट सोडली, पण आता झोप नाही आणि छातीत धडधड. चहामुळे असेल का?

नमस्कार,

माझ्या बाबांनी (वय ६१, नाशिक) दिवाळीनंतर सिगारेट सोडली. तरुणपणापासूनची सवय होती, त्यामुळे घरात सगळ्यांना फार आनंद झाला. पण तेव्हापासून ते रात्री दोन-अडीचपर्यंत टक्क जागे असतात. हात थरथरतात, छातीत धडधडतं, बारीकसारीक गोष्टींनी जीव घाबरा होतो. ईसीजी नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, सिगारेट सोडल्यावर होतं असं, महिन्याभरात बसेल. महिना कधीच उलटला.

आमच्याकडे चहा कधी कोणी मोजत नाही. उठल्यावर, नाश्त्याबरोबर, दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर, संध्याकाळी ६ ला, जेवणानंतर अर्धा कप. सगळा कडक, भरपूर उकळलेला. आता तर सिगारेटची तलफ आली की चहाच. आठ-नऊ कप सहज होत असतील.

शोधताना एक गोष्ट सापडली, जी आम्हाला कोणीच सांगितली नव्हती. कॅफीन यकृतातल्या एका एन्झाइममुळे मोडतं आणि सिगारेटच्या धुरातली रसायनं त्या एन्झाइमचं काम वाढवतात. हा परिणाम धुराचा, निकोटीनचा नाही. ओढणाऱ्यांच्या शरीरातून कॅफीन जवळपास दुप्पट वेगाने निघून जातं, आणि धूर बंद झाला की हा वेग काही दिवसांतच उतरतो. म्हणजे चहा पूर्वीइतकाच प्यायला, तरी रक्तात कॅफीन जास्त राहणार! न ओढणाऱ्याच्या शरीरात ते निम्मं व्हायला साधारण ५ तास लागतात. ६ च्या चहातलं निम्मं कॅफीन ११ वाजता अंगातच असेल, तर झोप कशी येणार?

मध्ये चहा एकदम बंद करून पाहिला. दुसऱ्या दिवशी डोकं एवढं दुखलं की गोळी घ्यावी लागली, आणि वेष्टनावर पाहिलं तर त्या गोळीतही कॅफीन.

परवा बाबा म्हणाले, "ओढत होतो तेव्हा निदान झोपत तरी होतो." ते ऐकल्यापासून माझ्या जिवाला घोर लागलाय. एवढ्या कष्टाने सुटलेली सिगारेट या त्रासापायी परत यायला नको. चहा कमी करायचा तर कसा, आणि डॉक्टरांना नेमकं काय विचारू? घरात कोणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, तुमची शंका रास्त आहे. माझ्या सासऱ्यांचं अगदी असंच झालं होतं.

चहा एकदम तोडू नका. अचानक बंद केला की १२ ते २४ तासांत डोकं धरतं आणि हा त्रास आठवडाभरही राहू शकतो. आधी फक्त दुपारनंतरचे चहा काढा. आम्ही बाकीच्या कपांची संख्या तीच ठेवून कप लहान केले, पावडर कमी केली आणि उकळणं आवरलं. दोन-तीन आठवड्यांत चहा निम्म्यावर आला, डोकंही दुखलं नाही. निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये म्हटलं आहे. तुमच्या बाबांचे कडक आठ-नऊ कप त्याच्या आसपास जात असणार.

डॉक्टरांना एक नक्की विचारा. बाबांना दम्याची थिओफायलिन असलेली गोळी चालू आहे का? तीही त्याच एन्झाइममुळे मोडते, त्यामुळे सिगारेट सुटल्यावर तिचं प्रमाण रक्तात वाढतं आणि धडधड, थरथर, निद्रानाश हाच त्रास होतो. डोस डॉक्टरच बदलतील, आपल्या मनाने गोळी बंद करू नका. धडधड येऊन-जाऊन असेल तर एका ईसीजीत सापडेलच असं नाही, २४ तासांचं होल्टर (अंगावर लावलेल्या छोट्या यंत्राने दिवसभराच्या ठोक्यांची नोंद) करायचं का तेही विचारा. धडधडीबरोबर चक्कर किंवा छातीत दुखलं, तर मात्र थेट दवाखाना गाठा.

तलफेसाठी १८००-११-२३५६ हा सरकारी तंबाखूमुक्ती क्रमांक आहे, मोफत. बाबांना स्वतःला बोलू द्या.