मदत हवी आहे : ऑर्थो वॉर्डातला पेशंट सलाईन उपटतोय, हात बांधू का?

रात्रपाळी_सिस्टर
पुरुष, ४६. मांडीचं हाड मोडलंय, ऑपरेशन उद्या. संध्याकाळपासून थरथर, घाम, चादरीवरच्या मुंग्या झटकतोय. पायाला लावलेल्या ट्रॅक्शनच्या वजनासकट उठायला बघतो. डॉक्टरांनी फोनवर हॅलोपेरिडॉल (भास-गोंधळावरचं औषध) सांगितलंय. हात बांधू की नको? लवकर सांगा.

आयसीयू_ताई
शेवटची दारू कधी प्यायला? नाडी, बीपी, ताप, शुगर?

रात्रपाळी_सिस्टर
पिणारा आहे हे दिसतंच आहे. ॲडमिट परवा रात्री, तेव्हापासून बंद. केसपेपरवर ‘अधूनमधून’. नाडी १२८, बीपी १७०/१००, ताप १०१. शुगर नाही पाहिली.

आयसीयू_ताई
शुगर आत्ता बघा. दारू सुटल्यापासून फिट साधारण ६ ते ४८ तासांत येतात, डिलिरियम ट्रेमेन्स (थरथर, भास, गोंधळ) ४८ ते ९६ तासांत. डॉक्टरांना बेडपाशी बोलवा, फोनवर भागणार नाही. नुसत्या हॅलोपेरिडॉलने फिटचा धोका वाढतो आणि विथड्रॉवल, म्हणजे दारू सुटल्याचा त्रास, तसाच राहतो. हा त्रास शमवणारं लोराझेपाम २ मिग्रॅ शिरेतून द्यायची लेखी ऑर्डर घ्या. प्रत्येक डोसनंतर श्वास मोजा.

तालुका_ब्रदर
लोराझेपाम फ्रीजमध्ये ठेवावं लागतं, छोट्या ठिकाणी नसतंच. त्याच जातीचं डायझेपाम १० मिग्रॅ शिरेतून, अगदी हळू. ते कुठेही मिळतं.

आयसीयू_ताई
लिव्हर खराब असेल तर डायझेपाम अंगात साचतं. कावीळ, पोटात पाणी आहे का ते आधी बघा. आणि कमरेत टोचू नका, शोषण बेभरवशाचं असतं.

तालुका_ब्रदर
मान्य. पण फिट सुरू झाली तर हाताशी असेल ते द्यायचं, लोराझेपामची वाट बघायची नाही.

हाडवैद्य_नाही
दारूच का धरून बसलात? मांडीचं हाड, दुसरा-तिसरा दिवस, गोंधळ : फॅट एम्बोलिझम (हाडातली चरबी रक्तातून फुफ्फुसात-मेंदूत अडकणं) बघा. ऑक्सिजन किती? छातीवर, काखेत बारीक लाल ठिपके? डोक्याला मार? बाहुल्या सारख्या आहेत?

रात्रपाळी_सिस्टर
ऑक्सिजन ९६, ठिपके नाहीत, बाहुल्या सारख्या. शुगर ५८, कमी! डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाईन) लावू?

आयसीयू_ताई
डॉक्टरांना लगेच कळवा. थायमिन (व्हिटॅमिन बी-१) शिरेतून आणि त्यामागोमाग डेक्स्ट्रोज. थायमिन स्टोअरमधून यायचं असेल तर साखर अडवू नका. मल्टिव्हिटॅमिनच्या एका अँप्यूलवर भागवू नका. डोळे नीट फिरत नसतील तर वेर्निके (थायमिन कमी पडून मेंदूला होणारी इजा) समजून थायमिन ५०० मिग्रॅ, १०० मिली सलाईनमधून अर्ध्या तासात, दिवसातून तीनदा देतात. मॅग्नेशियम, पोटॅशियम पाठवा, मॅग्नेशियम कमी असेल तर थायमिन लागू पडत नाही.

संगमेश्वरी
आमच्या दिरांना दारू सोडवायला न सांगता जेवणातून द्यायची गोळी कोणती?

तालुका_ब्रदर
डायसल्फिराम म्हणताय. चोरून कधीच देऊ नका. वर दारू पोटात गेली तर बीपी कोसळतं, जीव जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही १४ दिवसांपर्यंत धोका, अल्कोहोल असलेल्या खोकल्याच्या औषधानेसुद्धा. १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनला विचारा.

रात्रपाळी_सिस्टर
डॉक्टर आले, लोराझेपाम दिलं. हात बांधायचे की नाही, ते विचारायचं राहिलंच. बायको म्हणते, घोटभर पाजली की शांत होईल.

आयसीयू_ताई
अजिबात नाही. गुंगीत ठसका लागून फुफ्फुसात जाईल, शिवाय ऑपरेशन आहे. पिशवीत बाटली आहे का बघा, रागावू नका. ‘रोज किती क्वार्टर?’ असं विचारा, म्हणजे खरा आकडा कळतो. हे आजारपण आहे, नाटक नाही, हे त्यांना समजावा. घरी गेल्यावर पुन्हा सुरू झाली तर एकदम बंद करायला लावू नका, दवाखान्यात आणा.
बांधणं शेवटचा उपाय : लेखी ऑर्डर, दर १५ मिनिटांनी बोटांचा रंग बघायचा, पालथं कधीच नाही. धडपडीने ताप वाढतो, स्नायू झिजतात. दिवा मालवू नका, सावल्यांनी भास वाढतात. सक्शन (तोंडातली लाळ-उलटी ओढायचं यंत्र) उशाशी ठेवा.

हाडवैद्य_नाही
आणि उद्याचं ऑपरेशन भूलतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नको. रात्रीच फोन लावा.