शब्दचर्चा: 'पन्नासवर' की 'पन्नासने'?

विचारणा : इंदूरला आमच्या हौशी गटाच्या तालमी चालू आहेत, प्रयोग रवींद्र नाट्यगृहात. लाइट बोर्डवरचा मुलगा हिंदीभाषक आहे, दिग्दर्शक काका अस्सल मराठी. काका म्हणतात, "पाच ते बारा पन्नास कर." (पाच ते बारा हे दिव्यांचे क्रमांक, पन्नास म्हणजे टक्के.) तो विचारतो, पन्नासवर आणू की पन्नासने वाढवू? कन्सोलवरच्या 'थ्रू', 'ॲट' या बटणांना मराठीत काय म्हणावं?

उत्तर : ताई, दोन्ही शब्द आपल्याकडे आहेतच. 'थ्रू' म्हणजे 'ते', 'ॲट' म्हणजे '-वर'. ईऑस या लाइट कन्सोलवर आधी चॅनेल (दिव्याचा क्रमांक), मग पातळी (प्रकाश किती टक्के) आणि शेवटी एंटर. मराठी वाक्यही असंच चालतं: "पाच ते बारा, पन्नासवर, आण." क्रियापद येईपर्यंत वाक्य पुरं होत नाही आणि एंटर दाबेपर्यंत कमांड पुरी होत नाही. मधलं एखादं चॅनेल नको असेल तर 'सात सोडून' म्हणा, तो वजा दाबेल. 'पन्नास कर' मात्र टाळाच. '-वर' आणि '-ने' हे प्रत्यय गाळले की ऑपरेटरला अंदाजच बांधावा लागतो. 'दहाने वाढव' हे 'ॲट'नंतर अधिक दहा. ती सर्वस्वी वेगळी कमांड.

आकड्यांना जास्त जपा. हेडसेटवर 'साठ' आणि 'सात' सारखेच ऐकू येतात. ईऑसवर 'ॲट'नंतर नुसता ७ दाबला की ७० टक्के लागतात. सात टक्के हवे असतील तर ०७. म्हणजे तुम्ही साठ म्हणालात, त्याने सात ऐकलं, तर दिवे सत्तरवर जातात. फरक दहाचाच, म्हणून तालमीत कुणाच्या लक्षातही येत नाही. 'एकोणसाठ' तर हिंदीभाषकाला सांगूच नका. 'पाच-नऊ' असे सुटे अंक सांगा, 'शून्य-सात' म्हणा. यात मराठीचा काहीही अपमान नाही.

आणखी एक : 'घे' या शब्दाचंही बघा. आपल्याकडे 'लाइट घे' म्हणजे दिवा वाढव आणि 'क्यू घे' म्हणजे क्यू (आधी नोंदवून ठेवलेला प्रकाशबदल) सोड. प्रयोगात ही सरमिसळ घातक आहे. आम्ही 'स्टँडबाय' आणि 'गो' तसेच ठेवले. 'गो' हा शब्द क्यू सोडण्याखेरीज हेडसेटवर कुणीही उच्चारायचा नाही.

विचारणाऱ्या ताई : पटलं. मग 'रेकॉर्ड'ला 'नोंदव' म्हणू का? तिथे क्रम उलटा आहे, आधी 'रेकॉर्ड', मग 'क्यू बारा'.

उत्तर : बोलताना "क्यू बारा रेकॉर्ड कर" असंच म्हणा, बटणांचा क्रम तो सांभाळेल. 'नोंदव' चांगला शब्द आहे, पण मग 'अपडेट'लाही वेगळा शब्द हवा, कारण चालू क्यूत केलेला बदल त्याच क्यूत मुरवणं हे निराळं काम आहे. काका दोन्हींना 'सेव्ह कर' म्हणत असतील तर आधी ते थांबवा.