रेवदंडा-कोर्लई एका दिवसात: फोटोंसाठी तारीख आणि वेळा कशा ठरवाव्यात?

पाऊलवाट:
डिसेंबरात मुंबईहून अलिबागजवळच्या रेवदंड्याला जाऊन त्याच दिवशी परतायचं आहे. आम्ही दोघंच, नवरा-बायको, गाडी स्वतःची. क्रॉप (लहान आकाराच्या) सेन्सरचा कॅमेरा, १८-५५ मिमी लेन्स आणि हलका ट्रायपॉड आहे. कुंडलिका नदीचं मुख, होड्या, कोर्लईचा डोंगर आणि आमचे एकत्र फोटो हवेत. फोटो काढायला तिसरं कुणी नाही. सकाळ कुठे घालवावी, संध्याकाळ कुठे?

उधाण:
सुट्टी बघून तारीख ठरवू नका, पंचांग बघा. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. तासाभराचा फरक पडू शकतो, म्हणून त्या तारखेचा भरती-ओहोटीचा तक्ता जरूर बघा.

तुम्हाला पौर्णिमा किंवा अमावस्या योग्य, फार तर पुढची द्वितीया. तेव्हा भरती दुपारी बारा-एकच्या आसपास येते. सकाळी कोर्लईच्या खाडीत पाणी चढत असतं, होड्या तरंगतात. संध्याकाळी रेवदंड्याला पाणी मागे जातं आणि ओल्या पुळणीत आकाश उतरतं. अष्टमीला नेमकं उलटं: सकाळी खाडी रिकामी होत जाते आणि सूर्यास्ताला पुळण अरुंद. पौर्णिमा निवडलीत तर सूर्यास्ताच्या सुमारास पाठीमागे पूर्वेला चंद्रही उगवतो.

सकाळी आधी कुंडलिकेवरच्या साळावच्या पुलावरून पलीकडे कोर्लई. गावातल्या गल्ल्या अरुंद आहेत, गाडी हळू न्या. दीपगृहापासून किल्ल्यावर वाट जाते. वरून दक्षिणेकडे बघितलं की गाव आणि होड्या दिसतात, ऊन डावीकडून येतं. अकरानंतर प्रकाश सपाट होतो, तोवर खाली या. दुपारी रेवदंड्याच्या तटबंदीतल्या नारळ-पोफळीच्या वाड्यांत ऊन-सावलीचे ठिपके चेहऱ्यावर पडतात. तिथे दोघांचे फोटो काढण्यात वेळ घालवू नका. सातखणी बुरूज बघा, जेवा. साडेचारनंतर पुळणीवर. डिसेंबरात सूर्य नैर्ऋत्येकडे, कोर्लईच्या डोंगराच्या बाजूला उतरतो, त्यामुळे डोंगराची काळी आकृती मिळते.

तिपाई:
दोघांच्या फोटोंबद्दल. जिथे उभं राहायचं तिथे बॅग ठेवा, तिच्यावर फोकस करा आणि फोकस मॅन्युअलवर टाका. नाहीतर टायमरसाठी बटण दाबताना कॅमेरा पुन्हा फोकस शोधतो आणि मागचा डोंगर पकडतो. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/८, दहा सेकंदांचा टायमर, एका वेळी तीन तरी फ्रेम.

सूर्याविरुद्ध काढताना सूर्याशेजारच्या आकाशावर एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) मोजून घ्या. दोघांमध्ये थोडी फट हवी, चिकटून उभं राहिलात तर एकच गोळा दिसतो. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर ठेवा. क्षितिजरेषा खाली जाते आणि अंग जवळजवळ सगळं आकाशावर उमटतं.

रेवदंड्याची वाळू काळसर आहे. फ्रेममध्ये ती जास्त असली की कॅमेरा सगळं उजळ करतो आणि फेस पांढराफटक होतो, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन -०.७ करा, म्हणजे फोटो थोडा गडद येतो. सूर्य बुडाल्यावर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/११, शटर पाव ते अर्धा सेकंद: परतणाऱ्या लाटेच्या रेघा मिळतात. लाट परतताना ट्रायपॉडच्या पायांखालची वाळू धुपते, म्हणून पाय बोटभर खोल दाबा. ट्रायपॉडच्या पायांचा सर्वांत खालचा भाग थोडा बाहेर काढलेला असू द्या, म्हणजे सांधे वाळूत जात नाहीत. लेन्सवर खारा तुषार बसला तर कोरड्या कापडाने पुसू नका, मीठ पसरतं. आधी गोड्या पाण्याने किंचित ओलसर कापड, मग कोरडं. लेन्सवर साधा फिल्टर असलेला बरा.

पाऊलवाट:
मनापासून आभार, पौर्णिमाच बघतो. येता-जाता दोन्ही वेळा रो-रो (गाडीसकट नेणारी बोट) जमेल का?

मांडवा-धक्का:
जाताना जरूर घ्या; भाऊचा धक्का ते मांडवा साधारण तासाभराचा प्रवास, गाडीचं तिकीट आधी काढा. परतीला मात्र रस्ता धरा. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास, त्यानंतरची पंचवीस मिनिटं सर्वांत सुंदर, आणि रेवदंड्याहून मांडव्याला तासापेक्षा जास्त लागतो. बोटीची वेळ गाठायची म्हणून हाच प्रकाश सोडावा लागतो. अलिबाग-वडखळमार्गे या, रविवारी संध्याकाळी तिथे वाहनं तुंबतात, आठवड्यातला दिवस घ्या.

कोर्लईत जाळी विणणाऱ्या, मासळी वाळवणाऱ्या माणसांचे फोटो विचारूनच काढा. होडीवर चढायचं असेल तर मालकाची परवानगी हवी.