पोरं आणायला पैसा आहे, टिकवायला नाही

कोपरीकर
परवा आपल्या पालक ग्रुपवर 'सानपाडा स्पेशल' यांनी भलंमोठं लिहिलं होतं, की विद्यापीठांनी विद्यार्थीसंख्या वाढवायला नवे कोर्स, कौन्सेलर, ॲडमिशन मेळावे, जाहिराती यात बिनधास्त पैसा ओतावा, आकडा वाढला की बाकी सगळं मागोमाग येतं. दोन ओळी लिहून गप्प बसणार होतो पण डोक्यातून जाईना, म्हणून हा वेगळा धागा.

अहो, मागोमाग नक्की काय येतं? बारावीचा निकाल लागला की ठाणे स्टेशनपासून वाशीच्या खाडीपुलापर्यंत हॉर्डिंगं लागतात, सगळ्यांवर टाय लावलेला तोच हसरा मुलगा. मेळाव्यात फुकट पिशवी आणि पेन. आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांचा मुलगा, अभ्यासात बरा, बीएस्सी आयटीला अनएडेडमध्ये, म्हणजे विनाअनुदानित तुकडीत, घेतला. ॲडमिशनच्या वेळी कॉलेजातून दिवसाला तीन-तीन फोन, 'काका टेन्शन नका घेऊ, हप्ते करून देतो'. दुसऱ्या वर्षी काका आजारी पडून गावी गेले, नऊ हजार थकले, पोराचं हॉलतिकीट अडवलं. तेव्हा एक फोन नाही. आता तो डिलिव्हरीची बॅग पाठीला लावून आमच्याच लिफ्टमध्ये भेटतो आणि मोबाईलमध्ये बघत राहतो. तुमच्या आकड्यात हा 'वाढलेला' विद्यार्थी आहे. गेलेला कुठे लिहिलाय?

सानपाडा स्पेशल
माझं नाव घेतलंच आहे तर ऐका. मी एका खासगी विद्यापीठाच्या ॲडमिशन सेलला अकरा वर्षं काढलीत, हॉर्डिंगला हसणं सोपं आहे. देशाचा जीईआर, म्हणजे कॉलेजच्या वयातली शंभरातली किती पोरं शिकतात तो आकडा, २०२१-२२ च्या सर्व्हेत २८.४ होता आणि नव्या शैक्षणिक धोरणाला २०३५ पर्यंत ५० हवाय, म्हणजे जवळपास दुप्पट. ती पोरं काय आपोआप चालत येणार? घरात कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही अशा पोराला कॅप राउंड (सरकारी केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या), डॉक्युमेंट, नॉन-क्रीमीलेयर कोण समजावणार, तर तोच कौन्सेलर ज्याच्या पगाराला तुम्ही उधळपट्टी म्हणताय. सिव्हिल-मेकॅनिकलला जागा रिकाम्या, कॉम्प्युटरला मारामारी, एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, २०२४-२५ पासून इनटेकची (जागांची) वरची मर्यादाच काढली, अशा वेळी मागणी आहे ते नको वाढवायला? भरलेला वर्गच रिकाम्या वर्गाचं लाइटबिल भरतो. वॉचमनकाकांच्या मुलाचं वाईट वाटलं, पण एका केसवरून धोरण ठरत नसतं.

तासिकावाला
भरलेला वर्ग लाइटबिल भरत असेल, माझा पगार भरत नाही. मी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, दोन कॉलेजांत शिकवतो, सकाळी एक आणि दुपारी ट्रान्स हार्बरची ठाणे-वाशी लोकल पकडून दुसरं. मे महिन्यात शून्य. विषय स्टॅटिस्टिक्स. एका जूनमध्ये बोलावून सांगितलं, सर या वर्षीपासून डेटा सायन्स सुरू करतोय, तुम्हीच घ्या. लॅब तीच, मशीन तीच, मास्तर तोच, ब्रोशर तेवढं नवीन आणि फी जवळपास तिप्पट. मी पोरांच्या एक रात्र पुढे राहून शिकवलं, लाज वाटते सांगायला. याला तुम्ही 'प्रोग्राममध्ये गुंतवणूक' म्हणता का हो?

सानपाडा स्पेशल
सर, मग नाही म्हणायचं होतं.

तासिकावाला
नाही म्हटलं असतं तर पुढच्या जूनमध्ये मला कोणी बोलावलं असतं? तुमच्यासारखी पर्मनंट खुर्ची नाही आमच्याखाली.

सीवूड्सची आई
भांडू नका. बीएमएसचं, म्हणजे मॅनेजमेंटच्या डिग्रीचं, काय झालं विसरलात का सगळे? २०२४ ला अचानक बीबीए-बीसीए-बीएमएस एआयसीटीईखाली आले, सीईटी लागली, निम्म्या पालकांना पत्ताच नाही, परत एक जादा सीईटी घ्यावी लागली. तर काही कॉलेजांनी काय केलं, त्याच कोर्सचं नाव बदलून बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज केलं, की सीईटीची भानगडच नको. माझी मुलगी त्याच बॅचची, मैत्रिणींत एकीकडे बीएमएस आणि एकीकडे बीकॉम, पुस्तकं तीच. संख्या वाढवायला असली डोकी चालतात. आणि मुलींच्या फीमाफीचा जीआर जुलै २०२४ चा, व्यावसायिक कोर्स, आठ लाखांच्या आत उत्पन्न. माझ्या भाचीच्या कॉलेजने काउंटरवर सांगितलं की आधी पूर्ण भरा, सरकारकडून आले की परत देऊ. भरायला असते तर माफी कशाला मागितली असती!

बाळकुमचा बाळू
सगळे फी-फी करताय. मुंबई विद्यापीठाचं ठाणे उपकेंद्र आमच्या बाळकुमला आहे, पाच वर्षांचा लॉ आहे, फी खासगीच्या मानाने कमी, तरी ठाण्यातली पोरं चर्चगेटला जायला तयार आणि बाळकुमला नाही. का? कारण स्टेशनहून टीएमटीची बस माजिवड्याला अडकते, कापूरबावडीला झोपते. हॉर्डिंगचे पैसे बसला द्या, बघा वाढते की नाही संख्या.

घोडबंदरग्रस्त
+१०००. कापूरबावडीचं नाव काढलंत म्हणून सांगतो, मी आनंदनगरला राहतो, मुलाचं कॉलेज स्टेशनजवळ, पहिलं लेक्चर सात वीसला, तो साडेपाचला निघतो. परतीला कंटेनर, मेट्रोचे खांब, गायमुखला घाट दुरुस्ती, एक काहीतरी कायम असतंच. त्याचं नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये आलं, ७५ टक्के हजेरी नाही म्हणून. मॅडम म्हणाल्या, लवकर निघायला सांगा. साडेपाचच्या आधी म्हणजे काल रात्रीच निघायचं का?

कोपरखैरणे से. ५
म्हणून म्हणतो नवी मुंबईत या. २००४ पासून ट्रान्स हार्बर आहे, ठाण्याहून वाशी अर्ध्या तासात. आमच्याकडे कॉलेजं स्टेशनला लागून, प्लॅनिंग म्हणतात त्याला.

घोडबंदरग्रस्त
प्लॅनिंग! बेलापूर-पेंधर मेट्रोचं काम २०११ ला सुरू, गाडी धावली नोव्हेंबर २०२३ ला. अकरा किलोमीटरला बारा वर्षं, वर्षाला एक किलोमीटरही नाही. खारघरच्या शाळेत पहिलीला घातलेलं पोर बारावी होऊन बाहेर पडलं असतं.

कोपरखैरणे से. ५
धावली तरी ना. तेव्हा तुम्ही तुमच्या मेट्रो चारचे खांबच मोजत होतात.

दिघ्याची दीपाली
आमचं दिघा गाव स्टेशन तयार होऊन कुलपात होतं, उद्घाटन १२ जानेवारी २०२४ ला, तोवर ऐरोलीपर्यंत रिक्षा. माझं एफवाय आणि एसवाय त्या रिक्षात गेलं. दोघांनीही प्लॅनिंगचं कौतुक आवरा.

कोपरीकर
अहो धागा विद्यापीठांवर आहे, रस्ते-मेट्रोवाल्या एमएमआरडीएवर नाही.

घोडबंदरग्रस्त
आमचं आयुष्य एमएमआरडीएवर आहे त्याला काय करू.

ऐरोलीचा आयटीवाला
मूळ मुद्द्यावर येतो. अटलांटाला जॉर्जिया स्टेट नावाची सरकारी युनिव्हर्सिटी आहे, गरीब आणि कृष्णवर्णीय मुलं भरपूर. २००३ ला तिथली जेमतेम ३२ टक्के मुलं डिग्रीपर्यंत पोचायची, २०१४ पर्यंत तो आकडा ५४ वर गेला. त्यांनी काय केलं तर प्रत्येक मुलामागे आठशेच्या आसपास धोक्याच्या खुणा रोज तपासायच्या, चुकीचा विषय घेतला, पायाभूत पेपरला कमी मार्क पडले, की लगेच सल्लागाराचा फोन. आणि फीचे शेवटचे काहीशे डॉलर अडलेत म्हणून नाव कटणार असेल तर युनिव्हर्सिटी स्वतः ते भरायची, पँथर रिटेन्शन ग्रँट म्हणतात. मूल टिकलं की पुढच्या सेमिस्टर्सची फी येत राहते, दानधर्म नव्हे, हिशोब आहे. वॉचमनकाकांच्या मुलाचे नऊ हजार म्हणजे अगदी हीच केस.

सानपाडा स्पेशल
अटलांटाची गोष्ट बाळकुमला सांगू नका. इथे महाडीबीटीचे, म्हणजे सरकारी स्कॉलरशिपचे, पैसे मूल पास होऊन गेल्यावर येतात, कॉलेज कुठून भरणार पोराची फी?

ऐरोलीचा आयटीवाला
एका मेळाव्याच्या पिशव्यांतून किती पोरांचे नऊ हजार निघतात, तुम्हीच सांगा, खरेदी तुमच्याच सेलची.

सानपाडा स्पेशल
पिशव्यांचा रेट मी इथे लिहिणार नाही.

सीवूड्सची आई
म्हणजे बरेच निघतात.

तासिकावाला
@सानपाडा, टोमणा नाही, खरंच विचारतो. तुमच्याकडे एफवायला घेतलेल्यांपैकी टीवायला किती पोचले, हा आकडा आहे?

सानपाडा स्पेशल
रात्री उशिरा उत्तर देतोय कारण मुद्दाम फाइल उघडून बघितली. आमच्या शीटमध्ये चौकशी, फॉर्म, कन्फर्म, कॅन्सल, रेफरन्स कोणाचा, कमिशन किती, सगळे कॉलम आहेत. तुम्ही म्हणता तो नाही. परीक्षा विभागाकडे असेल, पण आम्हाला कोणी कधी विचारला नाही. झालं समाधान? तरी माझं म्हणणं तेच आहे, आणलंच नाही तर टिकवणार कोणाला. आणि पुढच्या पाच वर्षांत नवी मुंबईत परदेशी विद्यापीठांची एज्युसिटी उभी राहिली की बघा, जून २०२५ ला पाच परदेशी विद्यापीठांना इरादापत्रं दिलीत, ॲबर्डीन, यॉर्क वगैरे. तेव्हा आमचे मेळावे पण तुम्हाला गोड वाटतील.

कोपरीकर
चला, कॉलम नाही एवढं तरी कबूल केलंत, मनाचा मोठेपणा. यॉर्कवाल्यांची फी बघून मग गोड-कडू ठरवू. त्या मुलाला परत परीक्षेला बसता येईल का, आणि थकबाकी भरून हॉलतिकीट मिळतं का, हे तुमच्या परीक्षा विभागातल्या कोणाला विचारून सांगाल का? कॉलेज वेगळं आहे, पण नियम तेच असतील ना.

सानपाडा स्पेशल
सोमवारी विचारतो. मुलाचं नाव इथे टाकू नका, मेसेज करा.

दिघ्याची दीपाली
नऊ हजारांत माझे एक हजार धरा.

घोडबंदरग्रस्त
माझेही एक. अख्खा धागा पहिल्यापासून वाचून काढला, कापूरबावडीलाच आहे अजून.