गोवर म्हणे 'येऊन जायचा'!

चौकस_बाप
कालपासून एक पोस्ट फिरतेय, तिसऱ्या ग्रुपवर पण आली तेव्हा राहवलं नाही म्हणून लिहितोय. सार असं की आमच्या लहानपणी गोवर, कांजिण्या, गालगुंड सगळं येऊन जायचं, आया घाबरत नव्हत्या, पोरं धडधाकट निघाली, आणि आताचे आईबाप लसींचा तक्ता उराशी धरून बसतात म्हणून त्यांची झोप उडालीय. खाली टाळ्याच टाळ्या.

येऊन जायचा म्हणजे काय हो? जाताना काय घेऊन जायचा ते कोण लिहिणार? गोवरची लस आली 1963 ला, त्याआधी जगात दरवर्षी साधारण 26 लाख माणसं त्याने जायची, त्यात बहुतेक पोरंच. माझ्या आजीला कुणी मुलं किती विचारलं की ती उलट विचारायची, झालेली की राहिलेली? आणि आया घाबरत नव्हत्या हे कुणी ठरवलं? घाबरून सांगायचं कुणाला, त्यांचं ऐकत कोण होतं?

वरून 'नैसर्गिक प्रतिकारशक्ती'चं कौतुक. गोवर नुसतं पुरळ देऊन जात नाही, आधीच्या आजारांविरुद्ध शरीराने जमवलेल्या अँटीबॉडीज पण बऱ्याच पुसून टाकतो, 2019 मध्ये मुलांचं गोवरच्या आधीचं आणि नंतरचं रक्त तपासून हे दाखवलंय. म्हणजे एका आजाराची प्रतिकारशक्ती कमवायला बाकीच्यांची घालवायची. झकास सौदा.

काकू_ऑनलाइन
ती पोस्ट मीच फॉरवर्ड केली होती, तेव्हा मलाच बोलायला हवं. लस घेऊ नका असं त्यात कुठे लिहिलंय दाखव. म्हणणं इतकंच की धास्ती फार वाढलीय. माझी सून बाळ शिंकलं की फोनमध्ये डोकं घालते, रात्री झोपलेल्या पोराच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा बघत बसते, पोराने हात हलवला की आकडा पडतो आणि ही किंचाळते. आम्हीपण पोरं वाढवली की.

तिरकस
काकू, लसी दिल्या होत्या ना तुमच्या पोरांना?

काकू_ऑनलाइन
दिल्या. पण त्याचे फोटो टाकत नव्हतो.

शंकेखोर
एक साधा प्रश्न. पोलिओचा पेशंट तुमच्यापैकी किती जणांनी बघितलाय? नाही ना? मग एवढे डोस कशासाठी? आणि ऑटिझम वाढलंय हे तरी मान्य करा, की तेही आमच्या मनाचे खेळ?

चौकस_बाप
मी बघितलाय. माझा काका. खुर्चीत बसायच्या आधी वाकून कॅलिपरची, म्हणजे पायाला आधार म्हणून बांधलेल्या पट्ट्यांची, गुडघ्याजवळची कडी वर ओढायचा, खट्ट आवाज यायचा, मग पाय दुमडायचा. आम्हा पोरांना त्या आवाजाची गंमत वाटायची. तुम्हाला पोलिओ दिसत नाही तो त्या डोसांमुळेच दिसत नाही. पाकिस्तान-अफगाणिस्तानात तो अजून आहे, आणि विमानात बसायला विषाणूला व्हिसा लागत नाही.

तिरकस
आणि ऑटिझमचं म्हणाल तर तो वेकफिल्ड नावाच्या ब्रिटिश डॉक्टरचा 1998 चा पेपर, गोवरच्या लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा, मुलं किती तर 12. 2010 मध्ये तो छापणाऱ्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानेच तो मागे घेतला आणि त्याच वर्षी त्या माणसाचं डॉक्टर म्हणून नाव कमी केलं. पुढे डेन्मार्कमध्ये साडेसहा लाख मुलांची नोंद तपासली, 2019 ला छापलं, काही संबंध नाही. अजून किती मुलं मोजू?

मी_एक_आई
मी लसविरोधी नाही, हे आधी लिहावं लागतं यातच सगळं आलं. माझ्या मुलीला गोवरच्या डोसनंतर आठवड्याभराने ताप भरला आणि आकडी आली. डोळे वर, दात घट्ट, ओठ निळे, आणि मी तिचं नाव ओरडतेय. डॉक्टर म्हणाले, "होतं असं कधी कधी," आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. होतं ना? मग डोस देताना का नाही सांगितलं? विचारलं की आम्ही अडाणी. 1999 ला अमेरिकेत रोटाव्हायरसची, म्हणजे बाळांच्या जुलाबांवरची, लस मागे घ्यावी लागली, बाळांचं आतडं आतड्यात शिरत होतं म्हणून, हे मी घरी बसून रचलेलं नाही.

रात्रपाळी
मी मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. ताई, तुम्हाला सांगायला हवं होतं, यावर वादच नाही. त्या डोसनंतर ताप येतो तो दुसऱ्या दिवशी नाही, सात ते दहा दिवसांनी येतो, आणि तीन-चार हजार डोसांमागे एखाद्या मुलाला त्या तापात आकडी येते. दिसायला भयंकर, पण सहसा मागे काही राहत नाही. खऱ्या गोवरात आकडी यापेक्षा जास्त येते, आणि हजारात एखाद्याच्या मेंदूला सूज येते ती वेगळीच. रोटाचं म्हणाल तर ती लस वर्षभरातच थांबवली, कारण कुणीतरी नोंदी ठेवत होतं, आणि नंतरच्या लसी 60 हजारांवर बाळांवर तपासून मगच आल्या.

आणि सगळ्यांनाच एक विनंती, आकडी आली की तोंडात चमचा कोंबू नका. कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली तर सरळ हॉस्पिटल.

काकू_ऑनलाइन
आकडी टाळायलाच तर लसीच्या आधी तापाचं औषध द्यायचं, आम्ही देत होतो.

रात्रपाळी
आधी नको काकू. त्याने आकडी टळतेच असं नाही, आणि 2009 चा अभ्यास आहे, आधीच पॅरासिटामॉल दिलेल्या बाळांमध्ये अँटीबॉडीज कमी तयार झाल्या होत्या. ताप आला, मूल किरकिरं झालं, तर द्या, वजनावर.

शंकेखोर
वजनावर? आमचे डॉक्टर वयावर सांगतात. आता कुणाचं ऐकायचं?

चौकस_बाप
किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, आणि बाटलीवर बघा एका एमएलमध्ये किती आहे ते. थेंबांचं आणि सिरपचं प्रमाण वेगळं असतं, तिथेच घोळ होतो.

शंकेखोर
तुम्ही डॉक्टर आहात?

चौकस_बाप
नाही, मला गुणाकार येतो.

काकू_ऑनलाइन
हेच! मी हेच म्हणत होते! 99 दिसलं की बाटल्या काढून गणितं करत बसायचं. आम्ही कपाळाला हात लावायचो बस्स.

रात्रपाळी
तुमचं अर्धं पटतं काकू. रात्री दोनला फोन येतो, "सिस्टर, 99.2 आहे." मूल काय करतंय विचारलं तर खेळतंय! तापाच्या या धास्तीवर 1980 मध्येच एका अमेरिकन डॉक्टरांनी लिहून ठेवलंय, तेव्हा फोनमध्ये काहीच नव्हतं. थर्मामीटर फेकू नका, पण आधी मुलाकडे बघा. पितंय का, शू होतेय का, हाक मारली की बघतंय का. फक्त तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर 100.4 ला थेट डॉक्टर, तिथे वाट बघायची नाही.

तिरकस
म्हणजे काकू जिंकल्या. अर्ध्या. नोंद घ्यावी.

मी_एक_आई
तुम्हाला सगळ्याची गंमत वाटतेय. सुनेला हसताय ना, ती रात्री जागते कारण सकाळी काही झालं तर "तू बघितलं नाहीस का" असं तिलाच विचारणार आहेत, काकूच विचारणार आहेत. पूर्वी चार बायका घरात असायच्या, आता ती आणि तो फोन.

काकू_ऑनलाइन
मी असं कधीच विचारलेलं नाही. (एकदा विचारलं होतं, पण ते पडलं होतं तेव्हा, तापाचं नव्हतं.)

शंकेखोर
इतकं सगळं वाचून पण लस सक्तीची असावी हे मला पटत नाही. माझं मूल, माझा निर्णय.

चौकस_बाप
गोवर झालेला एक जण लस नसलेल्यांमध्ये 12 ते 18 जणांना देतो, म्हणून शंभरात 95 जणांनी घ्यावी लागते. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला अजून डोसच मिळालेला नसतो आणि कॅन्सरवर उपचार चाललेल्या मुलाला देता येत नाही. तुमचा निर्णय त्यांच्या जिवावर उठतो, तेवढं फक्त तुम्ही लिहीत नाही.

शंकेखोर
धमकावून पटत नसतं साहेब.

तिरकस
समजावून तरी कुठे पटलं.

मी_एक_आई
रात्रपाळी, दुसरा डोस राहिलाय तिचा. पुन्हा आकडी येईल?

रात्रपाळी
दुसऱ्या डोसला त्याची शक्यता बरीच कमी असते. पण आधीची हकीकत डॉक्टरांना आठवणीने सांगा आणि त्यांचं उत्तर होईपर्यंत खुर्चीतून उठू नका.

मी_एक_आई
देणार आहे. डॉक्टर बदलून.