मदत हवी आहे: खो-खोच्या मुलींची उडी खरंच सरावाने वाढली का, हे कसं तपासावं?

नमस्कार मंडळी,

मी धाराशिव जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. बी.पी.एड. होऊन अकरा वर्षं झाली. मुलींचा खो-खो संघ माझ्याकडे आहे, १४ आणि १७ वर्षांखालच्या मिळून २४ मुली. इथे क्रीडाविज्ञान, संख्याशास्त्र किंवा वैद्यकीय क्षेत्रातलं कुणी असेल तर मला मनापासून मदत हवी आहे. लिखाण लांबलं आहे, पण अर्धवट सांगून उपयोग नाही म्हणून सगळं मांडते.

गेल्या हिवाळ्यात मी सकाळचा सराव बदलला. पूर्वी मैदानाला फेऱ्या, थोडा व्यायाम आणि मग डाव, असं वर्षानुवर्षं चालू होतं. फेऱ्या कमी केल्या आणि आठवड्यातून दोन दिवस उड्या घातल्या. बेडूकउड्या, लंगडी, कमी उंचीच्या पायरीवरून खाली उतरून पाय टेकताक्षणी परत वर उसळणं. याला प्लायोमेट्रिक व्यायाम म्हणतात. स्नायू आधी ताणला गेला आणि त्याच क्षणी आखडला तर तो नुसत्या आखडण्यापेक्षा जास्त जोर देतो, असं त्यामागचं तत्त्व. संरक्षण करणारी मुलगी हुलकावणी देऊन पाय रोवते आणि उलट दिशेला सुटते, तेव्हा तिला नेमका हा जोर लागतो. पहिल्या आठवड्यात एका सत्रात पाय ६० वेळा टेकतील इतक्याच उड्या ठेवल्या, हळूहळू १०० पर्यंत नेल्या. एकूण आठ आठवडे.

आधी आणि नंतर दोन चाचण्या घेतल्या. जागेवरून उंच उडी आणि ३० मीटर धाव. बहुतेकींची उडी तीन-चार सेंटिमीटरने वाढली, धावेत साधारण एक दशांश सेकंद कमी झाला. शाळेत कौतुक झालं. एका परिचितांनी लगेच शोधनिबंध करा म्हणून सुचवलं आणि एका नियतकालिकाचा पत्ताही दिला. पैसे भरले की आठ दिवसांत छापून येतं म्हणे. मला ते अजिबात नको आहे. पुढच्या वर्षी हा सराव पाचवी-सहावीच्या मुलींना लावायचा की नाही, एवढंच मला ठरवायचं आहे. वाढत्या वयातल्या गुडघ्यांवर आणि टाचांवर उगाच भार पडायला नको. म्हणून फरक उड्यांमुळे पडला की दुसऱ्या कशामुळे, हे आधी कळायला हवं.

वही उघडून बसले आणि शंका वाढत गेल्या.

उडी आम्ही भिंतीवर मोजली होती. मुलीने बोटांना खडूची पूड लावायची, भिंतीला खांदा लावून हात सरळ वर करून खूण करायची, मग उडी मारून दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे उडी. डडली सार्जंट यांनी १९२१ मध्ये मांडलेली ही चाचणी आजही शाळाशाळांत चालते. माझ्या वहीत उभ्या हाताची उंचीही लिहिलेली होती म्हणून सापडलं: सहा मुलींचा हात दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा दोन ते तीन सेंटिमीटर खाली होता! आठ आठवड्यांत मुलगी बुटकी तर होत नाही. दुसऱ्या वेळी त्यांनी खांदा पूर्ण ताणला नव्हता, टाचाही कदाचित पक्क्या टेकल्या असतील. पहिली खूण खाली लागली की उडी आपोआप मोठी दिसते. म्हणजे त्या सहा जणींची बरीचशी ‘प्रगती’ खांद्यातच होती.

धावेचं तर विचारूच नका. स्टॉपवॉच माझ्या हातात, आणि मुली जोरात पळाव्यात ही इच्छाही माझीच. शंभर मीटरच्या हातमोजणीत ०.२४ सेकंद मिळवून मगच ती इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडतात, कारण सुरुवातीला माणसाचं बोट उशिरा दाबलं जातं. जिथे माझ्या हाताची चूकच पाव सेकंदाच्या घरात जाऊ शकते, तिथे एक दशांश सेकंदाच्या फरकावर मी काय बोलणार?

शिवाय पहिली चाचणी डिसेंबरातल्या थंडीत झाली, दुसरी फेब्रुवारीअखेरीस. पहिल्या वेळी निम्म्या मुली अनवाणी होत्या. नंतर संघासाठी कॅनव्हासचे बूट आले. आमच्या मुरमाच्या मैदानावर बुटाने किती फरक पडतो हे इथल्या खेळणाऱ्यांना सांगायला नको.

आता माझे प्रश्न.

पहिला, उडी मोजण्याचा. मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ काढून पाय सुटल्यापासून टेकेपर्यंतचा वेळ मोजायचा आणि त्यावरून उंची काढायची, असं वाचलं. सूत्र: गुरुत्वत्वरण गुणिले वेळेचा वर्ग, भागिले आठ. हिशोब करून पाहिला. हवेतला वेळ अर्धा सेकंद असेल तर उडी ३०.७ सेंटिमीटर येते. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० चित्रं असतात, एक चित्र इकडेतिकडे झालं तर उत्तर थेट ३४.९ वर जातं. म्हणजे आठ आठवड्यांची सगळी कमाई एका चित्रात! सेकंदाला २४० चित्रं घेणारा फोन असेल तर तीच चूक अर्ध्या सेंटिमीटरवर येते. असा फोन आमच्या विज्ञानाच्या सरांकडे आहे. पण मुलगी गुडघे वाकवून उतरली तर हवेतला वेळ उगाच लांबतो. पाय सरळ ठेवून, कमरेवर हात ठेवून उतरायचं एवढी सूचना पुरेल का? प्रत्येकीच्या तीन उड्या घेऊन सर्वांत चांगली धरायची की सरासरी?

दुसरा, तुलनेचा. मागच्या वेळी सगळ्याच मुलींनी उड्या मारल्या, तुलनेला कुणी उरलंच नाही. या वयात शरीर आपणहून बदलतं. मुलींची उंची सर्वांत झपाट्याने साधारण बाराव्या वर्षी वाढते, मुलग्यांची चौदाव्या वर्षी. माझ्या धाकट्या गटातल्या मुली त्याच टप्प्यावर आहेत. म्हणून या वेळी २४ जणींच्या १२ जोड्या लावायच्या, वय आणि सुरुवातीची उडी जवळपास असलेल्या. प्रत्येक जोडीत चिठ्ठी टाकायची. एक उड्यांच्या गटात, दुसरी नेहमीच्या सरावात. आठ आठवड्यांनी दुसऱ्या गटालाही उड्या मिळतील, म्हणजे कुणावर अन्याय होणार नाही. पण मुली एकत्र राहतात, एकत्र येतात-जातात. एक जण बेडूकउड्या मारते म्हटल्यावर दुसरी घरी अंगणात मारणारच. हे कसं थांबवायचं? की घरी काय केलं ते रोज वहीत लिहून घ्यायचं?

तिसरा, संख्येचा. दोन गटांतला फरक मोठा असेल, म्हणजे प्रमाण विचलनाच्या (आकडे सरासरीपासून किती विखुरलेले आहेत त्याचं माप) ०.८ पट, तरी तो ८० टक्के खात्रीने पकडायला प्रत्येक गटात २६ जणी लागतात असं पुस्तकात आहे. फरक मध्यम, ०.५ पट असेल तर ६४. माझ्याकडे १२-१२ आहेत. शेजारच्या गावच्या शाळेतल्या शिक्षिका त्यांच्या २० मुलींसह तयार आहेत. तरी २२-२२च होतात. जोड्या लावल्याने हा आकडा कमी होतो का?

चौथा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे, तो जरा सविस्तर सांगते.

आमच्या संघात नववीतली एक मुलगी आहे. डोकं विलक्षण चालतं, कुठल्या पाटीवरून खो जाणार हे तिला आधीच कळतं. पण दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला ती खांबाला धरून उभी राहायची. मी ओरडायचे, “पाय उचल, पाय उचल!” सगळ्यांसमोर कामचुकार म्हटलं आहे मी तिला. उड्यांच्या सरावातही ती मागे पडायची. जानेवारीत आरोग्य तपासणीचं पथक शाळेत आलं, तेव्हा तिचं हिमोग्लोबिन ८.४ निघालं. या वयात १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. त्या दिवशी मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “मॅडम, मला वाटायचं सगळ्यांनाच असा दम लागतो.”

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. शाळेत मिळणारी आठवड्याची निळी गोळी ती मळमळ होते म्हणून टाकून देत होती. आता जेवणानंतर घेते, आणि गोळीच्या आसपास चहा घेत नाही. महिन्याभरातच तिच्या खेळात फरक दिसू लागला. पण माझ्या वहीत तिची प्रगती कुठे लिहिलेली आहे? उड्यांच्या खात्यात! आणि ती एकटी नसणार. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींना रक्तक्षय आढळला होता. अशा मुलींच्या संघावर व्यायामाचा अभ्यास करताना रक्त न तपासणं मला आता चुकीचं वाटतं. सगळ्यांचं हिमोग्लोबिन आधी तपासून, कमी असेल त्यांचे उपचार सुरू करून, तीन महिन्यांनी अभ्यास सुरू करावा का? की अशा मुली दोन्ही गटांत सारख्या वाटल्या तरी चालेल? उपचार थांबवण्याचा किंवा लांबवण्याचा तर प्रश्नच येत नाही.

पाळीच्या तारखाही नोंदवाव्यात असं वाटतं. क्रीडाविज्ञानातले अभ्यास मोठ्या प्रमाणात पुरुष खेळाडूंवर झालेले आहेत, त्यात आमच्या मुलींसारख्या मुली शोधूनही सापडत नाहीत. पण तारखा विचारताना मुलींना संकोच वाटू नये, आणि ती वही दुसऱ्या कुणाच्या हाती पडू नये. याचा अनुभव असेल तर जरूर लिहा.

आणि परवानगी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांची संमती लागते आणि १२ ते १८ वयाच्या मुलांचा स्वतःचा लेखी होकारही. ते मी मराठीत, मुलींना समजेल असं लिहून काढते आहे. अभ्यासात सहभागींचं हित जपलं जातंय ना हे पाहून मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीकडे मात्र शाळेतल्या शिक्षिकेने कसं जायचं? जवळच्या महाविद्यालयातल्या कुणाला सोबत घ्यावं लागेल का?

आगाऊ आभार.

भर (सोमवार रात्री): इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. बीप टेस्ट का घेत नाही, असं दोघांनी विचारलं आहे. २० मीटर अंतरात बीपच्या तालावर येरझाऱ्या, वेग ताशी ८.५ किलोमीटरपासून सुरू होऊन दर मिनिटाला अर्ध्या किलोमीटरने वाढतो, ती चाचणी. घेऊन पाहिली आहे. मुरमावर वळताना पाय घसरतो, मुली दम संपून नाही तर घसरून थांबतात. गावच्या मंगल कार्यालयाचा हॉल मिळाला तर तिथे घेईन, लग्नसराई नसताना. तोवर ६०० मीटर धाव ठेवते, शासनाच्या शालेय तंदुरुस्ती चाचण्यांतही ती आहे आणि मुलींच्या सवयीची आहे.

स्टॉपवॉच दुसऱ्याच्या हाती द्या, ही सूचना एकदम पटली. कोणती मुलगी कुठल्या गटात हे ज्यांना माहीत नाही असे गणिताचे सर वेळ घेतील. उड्यांच्या व्हिडिओंना नुसते क्रमांक देणार, चित्रंही तेच मोजतील.

सुरुवात करण्याआधी एकाच आठवड्यात प्रत्येकीची दोनदा चाचणी घ्या, असं ज्यांनी लिहिलं त्यांचे विशेष आभार. काहीच सराव न करता दोन मोजण्यांत किती फरक पडतो ते कळेल, आणि त्याहून मोठा बदल झाला तरच प्रगती म्हणायचं. फरकांचं प्रमाण विचलन काढून दोनच्या वर्गमुळाने भागायचं, बरोबर ना? काल पाच मुलींवर करून पाहिलं. व्हिडिओने दीड सेंटिमीटरच्या आत येतं. भिंतीवर त्याच पाच जणी, त्याच दिवशी, अडीचच्या पुढे.

एक गोष्ट अजून नीट कळलेली नाही. सर्वांत कमी उडी असलेल्या मुली सर्वांत जास्त सुधारल्या, त्याला ‘सरासरीकडे परत येणं’ म्हणतात असं एकांनी लिहिलंय. पहिल्या दिवशी कुणाची झोप झाली नसेल, कुणाचं पोट दुखत असेल, त्यांची उडी कमी येणार आणि पुढच्या वेळी आपोआप वाढणार, इथवर समजलं. मग शेवटी दोन गटांची तुलना करताना नुसती ‘वाढ’ न घेता पहिली मोजणी हिशोबात धरून दुसरीची तुलना करायची, हे स्प्रेडशीटवर कसं करतात? बी.पी.एड.ला टी-चाचणीपर्यंतच, म्हणजे दोन गटांच्या सरासरींची तुलना करण्यापर्यंतच, शिकवलं होतं. कुणी पायरीपायरीने सांगितलं तर मी बसून करीन.

भर (गुरुवार): रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासायला प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर यायला तयार झाल्या. ज्यांचं १० च्या खाली निघेल त्यांनी आधी उपचार घ्यावेत, त्या वर आल्या की चिठ्ठीत घ्या, असं त्यांचं म्हणणं. मी तसंच करणार आहे. पालकांच्या बैठकीत एका आईने विचारलं, “उड्या मारून मुलीला काही होणार तर नाही ना?” मी सांगितलं, गुडघा किंवा टाच दुखली की त्या दिवशी उड्या बंद, आणि दुखतंय म्हणणाऱ्या मुलीला कुणीही बोलणार नाही, मीसुद्धा. ती नववीतली मुलगी शेजारीच बसली होती. पहिली सही तिच्या आईने केली.

वर्गमुळाचा आणि स्प्रेडशीटचा प्रश्न अजून उघडा आहे. पुढच्या शनिवारी सकाळी साडेसातला दुहेरी मोजणी आहे, त्याआधी कुणी लिहिलं तर फार बरं होईल.